आपल्या ड्रोनना लेझरपासून वाचवायचं कोणी?

पत्रावाला_भोसरी: 13 एप्रिल 2025 ला डीआरडीओनं कर्नूलला 30 किलोवॅटच्या लेझरनं ड्रोन पाडून दाखवले, अभिमान वाटलाच, पण चीननंही सायलेंट हंटर नावाचा लेझर कधीचाच विकायला काढलाय, मग आपल्या ड्रोनचं काय? माझा धंदा फायबर लेझरनं धातूचे पत्रे कापायचा. तांब्याचा पत्रा लावला आणि सेटिंग जरा चुकलं की किरण उलटा मशीनमध्ये येतो, माझं एकदा त्यात मोठं नुकसान झालंय. म्हणून म्हणतो, ड्रोनला असा किरण उलटवणारा चकचकीत लेप द्यायलाच हवा.

धुकं: नाही पटलं. तोच तांब्याचा पत्रा तुम्ही शेवटी कापताच ना? एकदा का धातू वितळायला लागला की तो किरण परतवत नाही, पितो. त्यात लडाखची धूळ बसली, कुणाचं तेलकट बोट लागलं की तिथूनच जळायला सुरुवात. आणि कॅमेऱ्याला काय फासणार? कर्नूलला ड्रोनचे सेन्सरही निकामी केले होते. लेपाचं वजन वाहण्यापेक्षा स्वस्तातले शंभर पाठवा, लेझर एका वेळी एकावरच रोखता येतो.

पत्रावाला_भोसरी: स्वस्तातल्यांचं मान्य. पण ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेशी 31 एमक्यू-9बी या मोठ्या ड्रोनचा करार केला, हजारो कोटींचा, ते काय झुंडीनं मरायला पाठवणार?

सह्याद्री_77: ते 40,000 फुटांवरून उडू शकतं हो, 30 किलोवॅटवाले तिथपर्यंत पोचत नाहीत. त्याला खरी भीती मिसाईलची. लेझरची भीती आहे ती खाली, सीमेच्या चौकीवरच्या जवान पोराच्या छोट्या ड्रोनला, आणि तो तर प्लास्टिक-कार्बन फायबरचा, लगेच पेटतो.

पत्रावाला_भोसरी: मग त्या पोराचाच विचार करू. एकाच ठिपक्यावर काही सेकंद किरण टिकला तरच भोक पडतं, आमच्याकडे पत्रा हलला की कट बिघडतो तसंच. ड्रोननं नुसती गिरकी घेतली तरी उष्णता पसरते. फक्त किरण पडलाय हे त्याला कळायला हवं, कारण हा किरण डोळ्यालाही दिसत नाही. रशियाच्या टी-90 रणगाड्याला लेझर पडला की सूचना देणारे सेन्सर आहेतच, तसा छोटा सेन्सर बसवायला किती ग्रॅम लागतील?

धुकं: सेन्सरला माझा विरोध नाही, तो बसवाच. लेपाला आहे, आणि राहील.