राबवणारा कोण, तेही बघा

‘यादृच्छिक चाचणी झालीये ना, मग धोरण बिनदिक्कत उचला’ हे या चर्चेत वर कुणीतरी मांडलेलं मत अर्धंच पटलं. यादृच्छिक चाचणी म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं काहींना उपाय द्यायचा, काहींना नाही, आणि मग दोघांतला फरक मोजायचा. उपाय लागू पडला का, एवढं चाचणीतून कळतं. दुसऱ्याच्या हाती तो टिकेल का, हा प्रश्न वेगळा. केनियातल्या कंत्राटी शिक्षकांचं उदाहरण इथे कुणी दिलेलं नाही. आधी पश्चिम केनियात कंत्राटी शिक्षक नेमून मुलांचे गुण वाढल्याचं दिसलं होतं. मग देशभरातल्या १९२ शाळा घेऊन पुन्हा चाचणी झाली, पण काही ठिकाणी शिक्षक स्वयंसेवी संस्थेमार्फत आणि काही ठिकाणी थेट सरकारमार्फत. संस्थेच्या बाजूला गुण वाढले, सरकारी बाजूला जवळपास शून्य! योजना तीच. फरक इतकाच की सरकारी बाजूला पगार जास्त रखडले, देखरेख ढिली आणि वर शिक्षक संघटनेचा विरोध. असा अहवाल हातात आला की मी तरी सरासरीच्या तक्त्याआधी पगार कोण वाटत होतं ते शोधतो. बहुतेकदा ते कुठेतरी तळटिपेत सापडतं.