खुनाचा दर, हत्यादर, की आणखी काही?

सांजवात
एका छोट्या संस्थेसाठी माहितीपत्रकाचा अनुवाद करते आहे. विषय असा: खून फार वाढलेत असं लोकांना वाटतं, पण आकडे काय सांगतात? देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे गोळा करणाऱ्या एनसीआरबी या सरकारी संस्थेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे लाख लोकसंख्येमागे २.१. १९९२ मध्ये ते ४०,१०५ होते, लाखामागे ४.६. मी लिहिलं, 'तीस वर्षांत भारतातला खुनाचा दर निम्म्याहून खाली आला.'

मसुदा सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांचं अर्धं आयुष्य लासलगावच्या कांद्याचे भाव ऐकण्यात गेलं. त्यांनी काळजीनं विचारलं, "दर उतरला म्हणजे? आता कमी पैशातही माणूस मारतात का?" मला सांगायचं होतं त्याच्या बरोबर उलटं त्यांच्यापर्यंत पोचलं, आणि चूक त्यांची नाही. 'हत्यादर' लिहू का?

रानवारा
हत्यादर लिहा. जन्मदर, मृत्युदर, अर्भकमृत्युदर रुळले तसा हाही रुळेल. 'खुनाचा' असं सुटं लिहिलं की 'दर' भावाकडे झुकतो, समासात तो बांधला जातो. शिवाय खून फारसीतून आलेला. तिकडे त्याचा अर्थ रक्त, हिंदीतही तोच. आपण रक्तावरून थेट मारण्यावर आलो. नवा शब्द घडवायचाच तर आपल्या धातूवरून घडवावा.

माजघर
याला माझा ठाम विरोध आहे. कायद्याच्या मराठीत खून हाच शब्द आहे, त्याच्या शेजारी सदोष मनुष्यवध. हत्या आहे हिंदी कायद्यात. वाहिन्यांवर दिवसभर 'हत्या झाली' ऐकून आपल्याला तेच शुद्ध वाटायला लागलं. माझ्या आजीच्या तोंडी कायम 'खून पडला' असायचं. 'पडला' या क्रियापदात जे आहे, ते 'हत्या करण्यात आली'मध्ये कुठून येणार?

रानवारा
'खून पडला' मलाही प्रिय आहे. पण हत्या हिंदीतून आला हे पटत नाही. ब्रह्महत्या, गोहत्या, आत्महत्या, भ्रूणहत्या हे काय वाहिन्यांनी दिले? आत्मखून कुणी म्हणतं का? आणि शब्द निवडताना निवाडाही होतो, हे विसरू नका. आपण अफजलखानाचा वध म्हणतो, कंसाचा वध म्हणतो. ३० जानेवारी १९४८ च्या घटनेला कुणी वध म्हटलं की आपल्यातले बहुतेक जण उसळून उठतात, मीही. मारला गेलेला त्याच लायकीचा होता, असं त्या दोन अक्षरांत येऊन जातं.

कोर्टपायरी
कोर्टात तीस वर्षं कारकुनी केली. आमच्याकडे खूनही नाही, हत्याही नाही. जुन्या दंड संहितेतल्या खुनाच्या कलमावरून 'तीनशेदोन लागला' म्हणायचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम १०३ झालं, पण जुन्या लोकांच्या तोंडून तीनशेदोन जात नाही.

सांजवातताई, तुमच्या अडचणीबद्दल दोन गोष्टी. एक, त्या २८,५२२ मध्ये हुंडाबळी नाहीत. ते वेगळ्या रकान्यात मोजतात, २०२२ मध्ये ते ६,४५० होते. सदोष मनुष्यवधही वेगळा. पत्रकात जगाचा आकडा असेल तर जपा. संयुक्त राष्ट्रांची व्याख्या आपल्या 'खुना'पेक्षा ऐसपैस आहे. दोन्हीकडे एकच शब्द घातलात तर तुलना चुकेल.

दुसरं, 'खून वाढले' आणि 'नोंद वाढली' हे वेगळं आहे, असं खुद्द एनसीआरबी अहवालात बजावते. खुनाच्या बाबतीत हा फरक कमी पडतो, कारण प्रेत लपवणं अवघड. मारहाण आणि छेडछाडीच्या आकड्यांत तो फार मोठा.

सांजवात
जगाचा आकडा आहे! २०२१ चा, लाखामागे ५.८. मी दोन्हीकडे खूनच लिहिलं होतं. तिथे 'हेतुपुरस्सर मनुष्यवध' करते. पण 'दरा'चं काय?

बोरबन
मला वाटतं सगळी गफलत 'दर' ऐकताना मागचा लाख ऐकू येत नाही, यात आहे. २.१ म्हणजे पाच हजार वस्तीच्या गावात साधारण दहा वर्षांत एक खून. पण तो एक खून गाव चाळीस वर्षं सांगतं. आमच्या गावाला जाताना ओढ्यापाशी एक वळण आहे, त्याला 'खुनाचं वळण' म्हणतात. लहानपणी अंधारात तिथून पळत सुटायचो. मोठेपणी विचारलं कुणाचा खून, कधी? कुणालाच सांगता येईना. भीती मात्र पिढ्यान् पिढ्या चालत आली. म्हणून 'दर लाखी दोन' असं तोंडावर येईल तसं लिहावं.

माजघर
बोरबन, तिथे शिवेचा दगड होता का? ते मूळचं 'खुणेचं वळण' असणार! खूण म्हणजे हद्दीची खूण. बोलण्यात ण चा न झाला आणि खुणेचा खून झाला. ध चा मा करून नारायणरावाचा जीव गेला म्हणतात. इथे अक्षर बदललं आणि न झालेला खून झाला.

रानवारा
व्याकरण आडवं येतं. खूण स्त्रीलिंगी, म्हणून खुणेचं. खून पुल्लिंगी, म्हणून खुनाचं. न-ण बदलला तरी 'खुनेचं' राहायला हवं, 'खुनाचं' कसं होईल?

माजघर
बोलीत 'खुनंचं' होतं ना. खुनंचं आणि खुनाचं यात एका कान्याचं अंतर. बाहेरच्या माणसानं ऐकून पाटीवर लिहिताना तो सहज दिला असेल.

तिफण
आमच्या वऱ्हाडात पाणी 'पानी', कोण 'कोन', त्यामुळे खूण आणि खून कानाला सारखेच. आई 'खून करून ठेव' म्हणाली की पानाचा कोपरा दुमडायचा.

सांजवात
सोमवारी पत्रक छापायला जातंय. 'दर लाखी' ठेवू की 'लाखामागे'? मला 'लाखामागे' बरं वाटतंय, सासूबाईंना विचारते. वाक्य असं: 'तीस वर्षांपूर्वी वर्षाला लाख माणसांमागे साडेचारच्या वर खून होत, आता दोन.' कुणाला खटकत असेल तर कळवा.

बोरबन
काकांना फोन केला. दगड होता म्हणाले, शेंदूर लावलेला. रस्ता रुंद करताना गाडला गेला. पण त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं की त्या दगडापाशीच एकाला कुऱ्हाडीनं तोडलं. गावाच्या तोंडी वळणाचं नाव खुनाचं की खुनंचं विचारलं, तर म्हणाले, "तेच की, तू म्हणतोस तेच."