मदत हवी आहे: प्रादेशिक नवोन्मेष निधीतून विद्यापीठासाठी नेमकं काय मागावं?

नमस्कार मंडळी,

मी एका विद्यापीठाच्या नियोजन विभागात आहे. प्रादेशिक नवोन्मेष धोरणाच्या मसुद्यातलं उच्च शिक्षणाचं प्रकरण माझ्याकडे आलंय आणि पंधरा दिवस मी एकाच जागी अडकले आहे.

आमच्याकडे सगळ्यांचा ओढा इमारत, इनक्युबेटर (नव्या उद्योगांना जागा आणि आधार देणारं केंद्र) आणि उपकरणांकडे आहे. समजू शकते, त्यांचा हिशेब द्यायला सोपा असतो. पण आसपासच्या लहान कारखान्यांत आमच्या प्रयोगशाळेशी बोलू शकेल असा कुणी नसेल, तर त्यांच्या हाती काय लागणार? 2002 मध्ये काही अभ्यासकांनी यालाच 'प्रादेशिक नवोन्मेषाचा विरोधाभास' म्हटलं होतं. मागे पडलेल्या भागाला निधीची गरज जास्त, पण तो पचवायची ताकद कमी.

मला सारखं अमेरिकेतल्या शेतीचं उदाहरण आठवतं. 1862च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं उभी राहिली. 1887च्या हॅच कायद्याने त्यांच्या कृषी प्रयोग केंद्रांना पैसे दिले. ते ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणाऱ्या विस्तार सेवेला संघराज्याचा निधी मिळाला तो थेट 1914 मध्ये, स्मिथ-लिव्हर कायद्याने. मधे 52 वर्षं गेली! कारखान्यांसाठी असा विस्तार अधिकारी आम्ही अजून मागतसुद्धा नाही, आणि मला तरी तोच सगळ्यात आधी हवा असं वाटतं.

समितीत एकदा हे बोलून पाहिलं. उत्तर मिळालं, पगाराला प्रकल्पाची मुदत लागते, तीन वर्षांनी पद संपणार. पण कारखानदाराचा विश्वास बसायलाच दोन वर्षं जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची 'रीजनल इनोव्हेशन इंजिन्स' योजना एकेका भागाला दहा वर्षांपर्यंत, जास्तीत जास्त 16 कोटी डॉलर देते. आम्हाला रकमेपेक्षा ती मुदत हवी आहे.

दुसरी काळजी प्राधान्यक्रमांची. युरोपीय संघाने 2014-20 च्या काळात अट घातली होती की 'स्मार्ट स्पेशलायझेशन'चं, म्हणजे आपल्या भागाची बलस्थानं ओळखून मोजक्याच क्षेत्रांवर भर देण्याचं, धोरण असल्याशिवाय संशोधन आणि नवोन्मेषासाठी प्रादेशिक विकास निधी नाही. उद्योग, विद्यापीठं आणि सरकार यांनी एकत्र बसून ते ठरवायचं, ही कल्पना मला मनापासून पटते. मात्र बैठकीला तयारी करून येणारं एकटं विद्यापीठच असेल, तर आमच्या विभागांची यादीच त्या भागाची प्राधान्यं म्हणून पुढे जाईल. हे मी विद्यापीठाची असूनही म्हणते.

तर, अशी विस्ताराची पदं कुणी निधीतून मंजूर करून घेतली आहेत का? कोणत्या लेखाशीर्षाखाली, किती वर्षांसाठी? आणि त्यांचं काम मोजलं कशावर? पेटंट आणि शोधनिबंध इथे उपयोगाचे नाहीत. पहिल्यांदाच विद्यापीठाकडे आलेल्या कारखान्यांची संख्या आणि त्यातले पुन्हा आलेले किती, एवढं मला सुचलंय. याहून चांगलं काही वापरलं असेल तर कृपया सांगा. मसुदा पुढच्या महिन्यात समितीपुढे जातोय, त्यामुळे निकषांची प्रत्यक्ष वापरलेली शब्दरचना मिळाली तर फार मदत होईल.