मुलांचा सबक घरी कसा ऐकता? (अनुभव धागा)

माझी दोन मुले सध्या मकतबला, म्हणजे कुरआन शिकवणाऱ्या वर्गाला, जातात. थोरली नाज़िऱ्याच्या, म्हणजे पाहून वाचण्याच्या, अकराव्या पाऱ्यावर (कुरआनच्या तीस भागांपैकी अकराव्यावर) आहे आणि धाकटा अजून नूरानी कायद्यातच, म्हणजे अरबी अक्षरओळखीच्या पुस्तकातच, आहे. उस्ताद तासाभरात पंचवीस मुलांना ऐकतात, त्यामुळे एकेकाच्या वाट्याला दोन-अडीच मिनिटे येतात आणि उरलेले काम घरातच व्हावे लागते, हे मला उशिरा उमगले. मी रोज फक्त नवा सबक, म्हणजे नवा धडा, विचारत असे, आमुख्त्याकडे म्हणजे मागच्या धड्यांच्या उजळणीकडे माझे लक्षच नव्हते. मुलगी सातव्या पाऱ्यावर असताना सहज तिसरा पारा उघडला, तर ती दर ओळीला अडखळू लागली. तेव्हापासून मग़रिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाज़ेनंतर, अर्धे पान नवे आणि दोन पाने जुनी, असा आमचा क्रम आहे. आपल्या घरी काय जमले आणि काय फसले, ते कृपया सविस्तर लिहावे.
(एक आई, रत्नागिरी)

माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि लहानपणी मी नमाज़ेपुरत्या सूरा (कुरआनचे अध्याय) देवनागरीत छापलेल्या पुस्तिकेवरून पाठ केल्या. मुलाचा सबक ऐकायला बसलो तेव्हा त्या पाठांतराची उणीव कळली. अरबीतली ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय ही चार वेगळी अक्षरे देवनागरीत एकाच ‘ज़’मध्ये कोंबली जातात, तर से, सीन आणि स्वाद ही तिन्ही ‘स’ होतात. ‘क़ाफ़’ आणि ‘काफ़’ या अक्षरांमधला फरक तर अर्थच पालटतो. जिभेच्या मुळातून, अगदी मागून काढलेला ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि आपला नेहमीचा ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. जे मला स्वतःलाच ऐकू येत नव्हते, ते मी मुलात कसे दुरुस्त करणार होतो? अखेर अडतिसाव्या वर्षी मुलाच्याच कायद्यावर अलिफ़पासून सुरुवात केली. मुलासमोर चुकण्याची लाज आठवडाभर वाटली. पुढे वाटेनाशी झाली, आणि बापही चुकतो हे पाहून त्याची भीड चेपली, हा अनपेक्षित लाभ झाला.
(एक वडील, कोल्हापूर)

आम्ही मूळचे श्रीवर्धनचे. गेली नऊ वर्षे दोह्यात आहोत. मुलगी तिथे मदिना छपाईच्या (सौदी अरेबियातील मदिनेत छापल्या जाणाऱ्या कुरआनच्या) 604 पानी प्रतीवर शिकली आणि सुट्टीत गावी गेल्यावर तिच्यापुढे भारतीय छपाईची प्रत आली, तेव्हा तिला ‘फ़ी’ हा साधा शब्दसुद्धा वाचता येईना. भारतीय छपाईत त्यातल्या ‘ये’वर जज़्म (अक्षराला स्वर नसल्याची खूण) असतो, मदिना छपाईत ते अक्षर कोरे असते. गावच्या मौलानांनी ‘ज़बर, ज़ेर, पेश’ (अ, इ, उ या स्वरांच्या खुणा) म्हटले की ती गोंधळायची, कारण तिला फ़तहा, कसरा आणि दम्मा ही त्याच खुणांची अरबी नावे ठाऊक होती. वास्तविक उच्चारात काडीचाही फरक नाही, परंतु गावात सर्वांनी असे ठरवले की परदेशात शिकलेल्या मुलीचे वाचन कच्चेच आहे. मुलगी रडली. त्यानंतर मी दोन्ही प्रती दोन रेहलांवर (कुरआन ठेवायच्या घडवंच्यांवर) शेजारी-शेजारी ठेवून अम्मा पारा, म्हणजे शेवटचा तिसावा भाग, तिच्याकडून दोनदा वाचून घेतला, आणि इजिप्तचे क़ारी (कुरआन-पठण करणारे) हुसरी यांचे संथ पठण लावून दोन्ही प्रतींवरून बोट फिरवायला लावले. अम्मा पाऱ्यात 37 सूरा आहेत. त्या संपेपर्यंत भीती गेली होती. मुले दोन देशांत वाढत असतील तर एकच छपाई धरून ठेवावी, असे अनेकजण सुचवतात. मला ते पटत नाही.
(एक आई, दोहा)

मी भिवंडीत घरी मुलींना शिकवते. पालकांना माझे एवढेच सांगणे आहे की प्रत्येक शब्दाला टोकू नये. आयत, म्हणजे कुरआनमधले वाक्य, पूर्ण होऊ द्यावी, मग एकच चूक सांगावी. अरबीतल्या मोठ्या ‘हे’ या घशातून काढायच्या अक्षरासाठी मी मुलींना आरशावर वाफ सोडायला सांगते, घसा तिथेच मोकळा होतो. व्याख्या सांगून तो कधीच होत नाही.
(एक आपा, भिवंडी)

आमच्या मुलाने सात महिने मकतबचे नाव काढले नाही. तिथे छडी होती, आणि आम्हीही ‘आम्ही नाही का मार खाल्ला?’ असे म्हणून ती मान्य केली होती. या चुकीत आमचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या उस्तादांनी त्याला कायदा न देता महिनाभर केवळ पठण ऐकवले.
(एक वडील, मुंब्रा)

मुरूडहून लिहीत आहे. मला शेवटच्या दहा सूरा पाठ आहेत, त्याही माझ्या नानीकडून ऐकूनच. अक्षरओळख मला नाही. नातू आठ वर्षांचा झाल्यावर एके दिवशी म्हणाला, “दादी, तुम्ही चुकीचं म्हणता.” सुनेने त्याला दटावले. मला वाईट वाटले, हे नाकारत नाही, कारण साठ वर्षे याच उच्चारांनी नमाज़ पढले होते. परंतु तो खोटे बोलत नव्हता. दोन दिवसांनी मीच त्याला म्हटले की तुझा सबक मी ऐकते, माझा तू ऐक. तो हे काम अतिशय गांभीर्याने करतो, टोपी घालून बसतो. ‘कौसर’ या सूरेच्या तीन आयती त्याने मंजूर केल्या आहेत. ‘फ़लक़’च्या पहिल्या आयतीच्या शेवटी थांबताना क़ाफ़ किंचित उसळला पाहिजे, तो मात्र अजून त्याच्या पसंतीस उतरलेला नाही.
(एक दादी, सुनेच्या हाताने)