न्यूरोसायन्ससाठी कोल्हापूर सोडणे आवश्यकच आहे का?

राजारामपुरीकर
माझ्या पुतणीने प्राणिशास्त्रात बीएस्सी केली असून तिला न्यूरोसायन्सकडे, म्हणजे मेंदू आणि चेतासंस्थेच्या अभ्यासाकडे, वळायचे आहे. त्यासाठी बंगळूर, पुणे किंवा हरियाणातील मानेसर गाठलेच पाहिजे, असे सर्व जण सांगतात. मला ते पटत नाही. हा विषय एका विभागात मावणारा नाही. चेतापेशीच्या पटलावरील विद्युतदाब समजण्यासाठी भौतिकशास्त्र लागते, त्या पटलातील आयनमार्ग (विद्युतभारित कणांच्या ये-जा करण्याच्या वाटा) घडवणारी प्रथिने समजण्यासाठी जीवरसायनशास्त्र लागते आणि नोंदींतून अर्थ काढण्यासाठी संख्याशास्त्र. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या एकाच आवारात हे सारे विभाग आहेत, शुल्क परवडणारे आहे आणि राहण्याचा खर्च नाही. हॉजकिन आणि हक्सले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ साली चेतासंदेशाची जी समीकरणे मांडली, ती केंब्रिजचा संगणक बंद असल्यामुळे हक्सले यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली होती. आज तेच काम घरातल्या लॅपटॉपवर होते. म्हणून एमएस्सी येथे मूलभूत विषयात करावी आणि पीएचडीसाठी बाहेर जावे, असे माझे मत आहे.

सूक्ष्मदर्शी
समीकरणांपर्यंत आपले म्हणणे मान्य आहे, परंतु ज्या मोजमापांवर ती समीकरणे उभी आहेत, ती स्क्विड या समुद्री जीवाच्या जाड चेतातंतूत प्रत्यक्ष इलेक्ट्रोड घालून घेतलेली होती, हे आपण वगळलेत. नेहर आणि साकमन या शास्त्रज्ञांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेले पॅच क्लॅम्पचे, म्हणजे पेशीच्या पटलातून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजण्याचे, तंत्र पाहा. काचेच्या बारीक नळीचे टोक पेशीच्या पटलाला इतके घट्ट बसावे लागते की कडेने गळती जवळजवळ होऊ नये. ते बसले नाही, तर काही पिकोअँपिअरचा, म्हणजे अतिशय क्षीण, प्रवाह गोंगाटात बुडून जातो. हे कसब पुस्तकातून येत नाही. ज्याला ते येते त्याच्या शेजारी महिनोन्‌महिने बसून शिकावे लागते. शिवाय विद्यापीठाचे मोठेपण कशात आहे, हेही पाहावे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये संलग्न असल्यामुळे परीक्षांचा व्याप प्रचंड असतो. त्या संख्येमुळे प्रयोगशाळेत एकही उपकरण वाढत नाही.

शाहूपुरीतील एक डॉक्टर
आणखी एक अडचण कोणी मांडली नाही. मानवी मेंदूचे विच्छेदन वैद्यकीय महाविद्यालयात होते आणि अर्धांगवायूचे रुग्ण येथील सीपीआर या सरकारी रुग्णालयात येतात. परंतु वैद्यकीय शिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. म्हणजे एकाच शहरात असूनही एमएस्सीचा विद्यार्थी आणि मेंदूचा रुग्ण पाहणारा डॉक्टर दोन वेगळ्या विद्यापीठांचे आहेत. सर्व विभाग एका आवारात असल्याचा जो लाभ राजारामपुरीकर सांगतात, त्यातून नेमका हाच भाग गळतो.

प्राणिशास्त्र शिक्षिका
सूक्ष्मदर्शी, आपण न्यूरोसायन्स म्हणजे पॅच क्लॅम्प असे धरून चालला आहात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी फळमाशीच्या गंधज्ञानावर काम उभे केले. या माशीची पिढी साधारण १० दिवसांत तयार होते, खाद्य मक्याच्या पिठाचे असते आणि उंदीरघराचा खर्च व त्यासाठी लागणाऱ्या परवानग्या टळतात. वर्तनाचे प्रयोग जिल्ह्याच्या महाविद्यालयातही करता येतात. मात्र, असे प्रयोग पदव्युत्तर प्रकल्पात घेण्याची इच्छा असलेला मार्गदर्शक तेथे आहे का, एवढे प्रवेशापूर्वी विचारून घ्यावे. डॉक्टरांच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

सूक्ष्मदर्शी
टाटा संस्था हे विद्यापीठ नव्हे, ताई. पूर्णवेळ संशोधनासाठी उभारलेल्या संस्थेचे उदाहरण आपण मलाच अनुकूल दिलेत. माशी स्वस्त असते, पण तिच्या मेंदूत नेमक्या पेशी उजळवून पाहण्यासाठी लागणारा सूक्ष्मदर्शक स्वस्त नसतो.

राजारामपुरीकर
त्यासाठीच तर विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे. पहिल्या वर्षानंतरचे दोन महिने पुण्याच्या किंवा बंगळूरच्या प्रयोगशाळेत घालवून विद्यार्थी परत येऊ शकतो, आणि त्यामुळे दोन वर्षांच्या वसतिगृहाचा खर्च वाचतो. मध्यमवर्गीय घरात हा हिशेब गौण नसतो.

सूक्ष्मदर्शी
खर्चाचा मुद्दा मी नाकारत नाही. पण ती शिष्यवृत्ती मर्यादित जणांना मिळते आणि दोन महिन्यांत नळीचे टोक पेशीवर बसवायला शिकेपर्यंत परतीची वेळ होते. आपल्या पुतणीला प्रयोग करायचे आहेत की गणिती प्रारूपे मांडायची आहेत, हे आधी तिला विचारा. प्रारूपे मांडायची असतील, तर मी येथे राहण्याच्या बाजूने आहे.