उत्तर: सैंजची सहल – धरणाच्या खाली गळ टाकून बसायचं की नाही?

बापू (फोंडा):
सैंजच्या (हिमाचल, कुल्लू जिल्हा) होमस्टेवाल्याचा फोन आला होता. उरलेला अ‍ॅडव्हान्स परवापर्यंत हवाय, नाहीतर खोल्या दुसऱ्यांना देतो म्हणतो. येणाऱ्यांनी आज रात्रीपर्यंत कळवा. तारखांवर पुन्हा कोणी सुरू होऊ नका. कोजागिरी आटोपून निघायचं, ३१ ऑक्टोबरला गळ गुंडाळायचे. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तिकडे ट्राउट धरायला बंदी, विणीचा हंगाम असतो. यंदा अधिक मासामुळे सगळे सण पुढे सरकले त्याला मी काय करू? आणि दसऱ्यालाच जाऊ म्हणणाऱ्यांसाठी: आपला दसरा संपतो त्या दिवशी कुल्लूचा सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. खोली सोडा, गाडी लावायला जागा मिळत नाही.
दांडेलीच्या वेळेसारखं आयत्या वेळी गळू नका.

माई (म्हापसा):
पैसे भरते, पण आधी सांगा, ही जागा सैंज नदीवरच्या सिउंडच्या धरणाच्या खालच्या अंगाला आहे ना? मग मुलं पाण्याजवळ जाणार नाहीत. लारजीचं विसरलात का सगळे? ८ जून २०१४. हैदराबादची इंजिनियरिंगची पोरं थलौटला बियासच्या पात्रात दगडांवर उभी राहून फोटो काढत होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं, २४ विद्यार्थी गेले. ती जागा आपण उतरणार तिथून जवळच आहे.

अण्णा (डिचोली):
माई, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण सैंजची भानगड थोडी वेगळी. सिउंडला पाणी अडवून बोगद्यातून बिहालीच्या पॉवरहाऊसला नेतात. म्हणजे मधल्या पट्ट्यात नदी रोडावते. दगड उघडे पडतात, मध्ये मध्ये हिरवेगार डोह राहतात आणि गरवणाऱ्याला वाटतं, ह्याहून चांगली जागा नाही. घोळ तिथेच आहे. मशिनं बंद पडली किंवा वरून वीज कमी करा असा हुकूम आला, की बोगद्याचं पाणी जाणार कुठे? दरवाजे उघडतात. लारजीला तेच झालं होतं. त्या दिवशी वर पाऊस पडलेला असायची गरज नाही, आभाळ निरभ्र असतानाही नदी फुगते.
पॉवरहाऊसच्या खाली दुसरी तऱ्हा. विजेची मागणी संध्याकाळी वाढते, पाणी तेव्हाच चढतं. आणि मासा गळाला लागायची वेळही नेमकी तीच.
माझं म्हणणं, खोल्या सैंजला राहू देत, गळ शेजारच्या तीर्थन नदीवर टाका. तीर्थनवर मोठं धरण नाही. लारजीपर्यंत उतरून बंजारच्या रस्त्याने वर जायचं.

भाई (मस्कत):
एवढ्या लांब जायचं कारण काय? इथे गोव्यातच सांग्याला साळावली धरणाच्या खाली बसा. तिथेही धरणाचंच पाणी, आणि घरी जेवायला परत. मी इकडे असलो तरी वर्गणी वेळेवर भरतो, म्हणून बोलतो. सहल समितीत नवीन माणसं घेताना जुन्यांना विचारलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता.

डॉक्टर (मडगाव):
भाई, ट्राउट म्हणजे आपल्या खाडीतला शेवटो मासा नव्हे. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो धापा टाकायला लागतो. गार पाणी आणि त्यात विरघळलेला भरपूर प्राणवायू, दोन्ही लागतं. साळावलीचं पाणी तळातून काढलं तरी त्याला सोसणार नाही. इंग्रजांनी १९०९ च्या सुमारास कुल्लूत ट्राउट सोडले ते उगाच नाही, बर्फाचं पाणी आहे म्हणून.
समितीबद्दल सर्वसाधारण सभेत बोलू.

काका (कुंभारजुवे):
अण्णांनी लिहिलंय ते वाचून मानशीची, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारांची, आठवण झाली. आम्ही लहानपणी खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधावर गरी घेऊन बसायचो. ओहोटी लागली की मानशीची दारं पाण्याच्या रेट्याने आपोआप उघडायची, आतलं पाणी बाहेर धावायचं, तोंडाला जाळं लावलेलं. पण भरती-ओहोटी पंचांगावरून आदल्या रात्रीच कळते. उद्या पाऊण तास उशिरा, हे पोरासोरांनाही ठाऊक. धरणाचं पंचांग कुणाच्या भिंतीवर टांगलेलं असतं? भोंगा वाजतो म्हणतात. पण डोहाशी उभं राहून बघा, पाण्याच्या खळखळाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही.
मी येतोय. तीर्थनवर असेल तरच.

वहिनी (पर्वरी):
मासे मिळाले तर शिजवणार कोण आणि कशात? तिकडे मोहरीच्या तेलात तळतात. तिरफळं आणि सोलं मी देते बांधून. मात्र कोजागिरीनंतर आमच्याकडे कार्तिकस्नान, हे खाणार नाहीत. त्यांचं जेवण वेगळं सांगा आणि हिशेबही वेगळा धरा.

अण्णा (डिचोली):
वहिनी, ट्राउटला तिरफळ नको. बांगड्यासारखा उग्र मासा नाही तो, नाजूक आहे. मीठ, लिंबू, लोणी, बस्स.

वहिनी (पर्वरी):
बरं. मग सोलं तरी न्या, पित्तावर.

माई (म्हापसा):
तीर्थनचं मला मान्य. पण तिथेही कमरेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही, काठावरूनच. आणि सैंजच्या खोल्या नदीपासून किती उंचावर आहेत ते होमस्टेवाल्याला स्पष्ट विचारा. २०२३ च्या जुलैतल्या पुरात सैंजच्या बाजारातली घरं-दुकानं वाहून गेली होती. ऑक्टोबरात पूर येत नाही हे मलाही कळतं, तरी विचारा.

बापू (फोंडा):
विचारलं. खोल्या रस्त्याच्या वरच्या बाजूला आहेत, नदी बरीच खाली.
तर ठरलं ते असं. मुक्काम सैंज, गळ तीर्थन. सैंजच्या पात्रात कोणी उतरणार नाही, ‘फक्त एक फोटो’ म्हणूनसुद्धा नाही. मत्स्य खात्याचा परवाना प्रत्येक गळामागे लागतो, तेव्हा गळ धरणाऱ्यांनीच नावं द्या, नुसते बघे वेगळे. मडगाव–चंदीगड गोवा संपर्क क्रांतीची तिकिटं ज्याची त्याने काढायची. मोपाहून विमानाने येणाऱ्यांनी चंदीगडला आमची वाट बघावी, आम्ही त्यांची बघणार नाही.
राहिला एकच प्रश्न. सैंज–तीर्थन रोज जा-ये म्हणजे गाडीचं भाडं वाढलं. ते सगळ्यांत वाटायचं की फक्त गरवणाऱ्यांत?

डॉक्टर (मडगाव):
फक्त गरवणाऱ्यांत.

काका (कुंभारजुवे):
का म्हणून? खाणार सगळेच ना?