शाळेत तुम्हाला कुणी सांभाळलं? सीमाभागातले अनुभव

मार्गशीर्ष पुनवेला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला वाहिलेल्या, लुगडं नेसणाऱ्या जोगप्पाच्या पायावर डोकं ठेवणारी आपली माणसं घरी आल्यावर मऊ चालीच्या पोराला 'बायल्या' म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या शाळांत आठवी ते दहावीची वर्षं ज्यांनी असं ऐकत काढली, त्यांनी इथं लिहावं. त्रास तर लिहाच, पण कुणी नेमकं काय केलं म्हणून तग धरला, तेही लिहा. शाळेचं नाव नको, माणसांची नावं नकोत.

खानापूरकडचा

मी 2007 ला आठवीत. त्या वर्षी सरकारी सायकली मिळाल्या, मुलांना दांडीच्या, मुलींना बिनदांडीच्या. "याला बिनदांडीची द्या सर," कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला, सरही हसले. पोरांचं हसणं विसरलो, सरांचं नाही.

त्यानंतर हजेरीत माझा नंबर आला की मागून बायकी आवाजात 'हजर' यायचं. मुतारीत गेलो की चड्डी ओढायचे, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. नववीत लघवीला जळजळ सुरू झाली. घरी म्हणाले उष्णता झाली, सब्जा पाजा याला.

त्याच वर्षी कन्नडचे नवे सर आले, धारवाडकडचे, मराठी तोडकंमोडकं. पहिल्याच आठवड्यात तो आवाज आला. कोण ते सरांनी विचारलं नाही, रागावलेही नाहीत. हजेरी पुन्हा एक नंबरपासून सुरू केली. माझ्या नंबरला परत आवाज, परत एकपासून. आम्ही 58 पोरं, तास त्यातच गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी पुढच्या बाकावरचीच पोरं मागं वळून म्हणाली, "गप की गा आता." मिटलं.

सरांनी मला बाजूला घेऊन कधी काही विचारलं नाही. फक्त मधल्या सुट्टीत नकाशांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे द्यायचे, नकाशे झटकायला म्हणून. त्या खोलीत बसून मी दोन वर्षं डबा खाल्ला. त्यांना कळलं होतं का? कोण जाणे.

निपाणीची

माझं उलटं. केस बारीक, कबड्डीत पुढं, त्यामुळे 'गंडुबीरी' (कन्नडात पोरासारखी पोरगी) म्हणून कौतुकच व्हायचं. दहावीत मैत्रिणीला लिहिलेली चिठ्ठी सापडली आणि कौतुक संपलं. बाईंनी ती स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचली, दोघींच्या घरी निरोप धाडला. आई विड्या वळायची, सूप तसंच टाकून आली. मी परीक्षा पुढच्या वर्षी बाहेरून दिली. तिचं काय झालं ते लिहिणार नाही. शिक्षकांनो, रागवा, वर्गाबाहेर उभं करा, पण घरी कळवू नका. शाळा सुटली की घरी तरी जाता येतं. घरातून सुटून कुठं जायचं?

डोंगराच्या वाटेवरची

माझ्या केसांत जट आली. घरात ठरलं, यल्लम्मा देवीनं बोलावलंय, मुत्तू बांधायचे, म्हणजे मण्यांची माळ घालून देवीला सोडायचं. मी तेव्हा, 2021-22 ला, दहावीत, हजेरी मुलांत. त्याच नोव्हेंबरात मंजम्मा जोगतींना, तृतीयपंथी लोककलावंत त्या, पद्मश्री दिली गेली. पुरस्कार घेताना त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली, तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता. आमच्या हेडमास्तरांनी तो माझ्या वडिलांना दाखवला आणि म्हणाले, "देवीला परीक्षा कळते. मार्चपर्यंत थांबेल ती." थांबली.

मंजम्मांबद्दल आदर आहे, पण मला परडी नको, नोकरी हवी. कर्नाटकात सरकारी भरतीत आम्हा तृतीयपंथीयांसाठी 2021 पासून 1 टक्का राखीव आहे. जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्रही मिळालं. कायद्यानं त्यावर बाकीच्या कागदांवरचं नाव बदलून मिळायला हवं, पण मार्कलिस्टवर जुनंच नाव आहे. एका कार्यालयात पाच हेलपाटे झाले, अजून 'पुढच्या आठवड्यात या'.

हायस्कूल मास्तर

वरचं सायकलीचं वाचून झोप लागली नाही. मीही असाच हसलोय, दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या पोराला.

आता कायद्याचं, कारण स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न तोच येतो. तृतीयपंथी व्यक्तींच्या 2019 च्या कायद्याचं कलम 13 मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता शिकवायला सांगतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घालतं, पण तो कायदा 14 वर्षांपर्यंतचा. म्हणजे नववी-दहावीतला मुलगा, ज्याला नुसता मुलगा आवडतो, तो दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो. एनसीईआरटीनं 2021 मध्ये तृतीयपंथी मुलांबाबत शिक्षकांसाठी पुस्तिका काढली होती. आरडाओरडा झाला, संकेतस्थळावरून उतरवली.

मग आपलं आपणच. आमच्याकडे रॅम्पचा एक संडास आहे, अपंग मुलांसाठी बांधलेला. कायम कुलूप, किल्ली ऑफिसात. जूनपासून ते कुलूप काढलंय. कोण जातं ते मी बघत नाही.

एक आई

माझा नववीत आहे. रांगोळी इतकी सुंदर काढतो! शाळा बदल म्हणतो, कारण सांगत नाही. हे म्हणतात हॉस्टेलला घालू, सुधारेल. काय करू?

खानापूरकडचा

ताई, हॉस्टेल नको. तिथं रात्री हजेरी परत एकपासून घेणारं कुणी नसतं. बोलायला कुणी हवं असेल तर 14416 ला, सरकारच्या 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन फुकट लागतो, पण ते नंतर. आधी त्याची पाण्याची बाटली बघा. संध्याकाळी भरलेलीच परत येते का?